लीलाताईचा वेगळा पाट

भिलाईत सुपेल्याच्या चौकात रस्त्याच्या कडेला लाल मातीचे माठ मांडले गेले की समजावं, अक्ती आली. पंचांगात तिचं नाव अक्षय तृतीया. आमच्या बोलण्यात, आणि इथल्या छत्तीसगढी शेजाऱ्यांच्याही, अक्तीच. माठांच्या शेजारी मातीचे पुतरा-पुतरी, म्हणजे मुलांच्या खेळातले नवरा-नवरी, अंगाला हळदीचा रंग फासून ओळीनं उभे असतात, आणि त्या सगळ्यांवर दिवसभर ट्रकांची धूळ बसत राहते. यंदा मी तिथून बरेचदा गेलो. स्कूटर थांबवायचो, माठांकडे पाहायचो आणि पुढं जायचो. शेवटी कुंभारीणच म्हणाली, "का सोचत हव गुरुजी? मटका आय, सोना थोड़े आय."

मी हसलो आणि निघालो. माठ घेतला असता तर तो कोणासाठी घेतला, हे घरी सांगावं लागलं असतं. आणि त्यावरूनच आमच्या घरात भांडण चाललं होतं.

भिलाईचा वैशाख कोरडा. दुपारी रस्त्यावर माणूस नसतो. गाईसुद्धा बंद दुकानांच्या पत्र्याखाली उभ्या. बहावा मात्र याच दिवसांत फुलतो, जणू त्याला कोणी सांगितलंच नाही की बाहेर काय चाललंय. वैशाली नगरात आमच्या गल्लीच्या टोकाशी एक आहे. ताई त्याच्याकडे पाहून म्हणायची, "याले लाज नाई. एवढ्या उन्हात नटून उभा." हे ती कौतुकानं म्हणायची. लाज नसणं हा तिच्या लेखी मोठा गुण होता.

मागच्या वैशाखात ताई होती. या वैशाखात नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये नेमकं काय घडलं, हे मला अजून कळलेलं नाही, आणि कळल्यासारखं बोलणाऱ्यांचा मला राग येतो.

लीला माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही. इथल्या पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरीला लागली आणि एक्स्चेंज बंद होईपर्यंत तिथंच राहिली. वैशाली नगरातलं हे घर आम्ही दोघांनी मिळून बांधलं, तिच्या पगारातून आणि माझ्या मास्तरकीतून. माझं लग्न झालं, मंगला आली, निखिल झाला, तरी पुढची खोली ताईची राहिली. एवढ्यातच तिची गोष्ट संपते, असं तिच्याविषयी चार शब्द बोलायला उभे राहिलेल्यांना वाटलं. कोणी म्हणालं, सरळ बाई होती. सरळ? ती बसमध्ये खिडकीजवळ कधी बसली नाही, कारण खिडकीजवळ बसणाऱ्याला उतरताना शेजाऱ्याची परवानगी मागावी लागते. वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायची, म्हणजे पुढाऱ्यांपर्यंत पोचेतो चहा संपलेला असावा. हसण्याच्या आधी नाक मुरडायची, जणू हसू हे कोणीतरी फसवून काढून घेतं. मला माहीत असलेली लीला या असल्या गोष्टींची बनलेली होती. यातली एकही गोष्ट काढून घ्या आणि उरलेल्याला आत्मा म्हणा. माझी त्या आत्म्याशी ओळख नाही.

ती गेल्यावर भेटायला येणाऱ्यांत भजनमंडळातले लोक होते. चांगली माणसं. बसायची, पाणी प्यायची आणि म्हणायची, थेंब समुद्राला मिळाला, आता रडायचं कशाला. ताईनं समुद्र आयुष्यात एकदा पाहिला होता, पुरीला. बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "पाणी तं खूप आहे गा. पण प्याच्या कामाचं नाई." अशा बाईचा थेंब त्या समुद्रात गुपचूप मिसळला असेल, यावर माझा विश्वास बसणं कठीण होतं.

दुसरी बाजू माझ्या मुलाची. निखिल रायपूरला नोकरी करतो. मराठी त्याला येते, पण वाक्याच्या मध्येच हिंदी उगवते. तेराव्यानंतर गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसला आणि फार हळू आवाजात म्हणाला, "बाबा, बुरा मत मानना. कॉन्शसनेस म्हणजे ब्रेनचं काम आहे. पंखा बंद केला तं हवा कुठं गेली, असं आपण विचारतो का?"

"नाही विचारत," मी म्हणालो. "पण हवेनं कधी माझं मराठी दुरुस्त केलं नव्हतं."

तो म्हणाला, "आत्यानं माझंपण केलं होतं." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मला त्याच्या पंख्याचा राग राहिला नाही. पंखा त्यालाही पुरत नव्हता.

म्हणजे जे अमर आहे ते तिचं नव्हतं, आणि जे तिचं होतं ते अमर नाही, असं मला दोन्ही बाजूंनी, आपापल्या परीनं प्रेमानं, सांगितलं जात होतं. दोघांत भांडण दिसत असलं तरी एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. लीला नावाचं जे काही होतं, ते आता सोडून द्यावं. मला ते सोडायचं नव्हतं. अजूनही नाही.

तिच्या एक्स्चेंजमध्ये मी लहानपणी कधीतरी डबा द्यायला जायचो. बायका कानाला हेडफोन लावून ओळीनं बसलेल्या, समोर बोर्डावर दिवे लुकलुकतायत. ताई दोरी उचलायची, खुपसायची, कोणाशी तरी दोन शब्द बोलायची, काढायची. ब्लास्ट फर्नेसचा कोणता साहेब बोलतोय, हे तिला त्यानं नाव सांगायच्या आधी, नुसत्या श्वास घेण्यावरून कळायचं. तिनंच मला सांगितलं होतं की लाइनवरच्या शांततेचे दोन प्रकार असतात. एक, पलीकडं कोणीच नाही तेव्हाची. दुसरी, पलीकडं कोणी आहे पण बोलत नाही तेव्हाची. "दोन्हीत आवाज नाई, तरी सारखी नसते," ती म्हणायची.

ती गेल्यावर मी तिच्या खोलीत बसून ऐकलं. पुष्कळ वेळा ऐकलं. खोटं लिहिणार नाही. शांतता पहिल्या प्रकारची होती. तिथं कोणी नव्हतं. मला आत्म्याची चाहूल लागली नाही, पडदा हलला नाही, काही नाही. पण मला हेही कळलं की ही शांतता भिंतीच्या शांततेसारखी नाही. भिंतीत कधीच कोणी नव्हतं. इथं होतं. रिकामं होण्यासाठी आधी कोणीतरी असावं लागतं. जगातली कुठलीही दुसरी खोली त्या खोलीसारखी रिकामी नव्हती.

मागचा वैशाख मला पुन्हापुन्हा आठवतो. ताईच्या डोक्यात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी उघडून पाहिलं, होतं तेवढं काढलं आणि घरी पाठवलं. पुढच्या खोलीत कूलर, त्याच्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांचा ओला वास, खिडकीला ओढलेली जाड चादर, आणि त्या हिरवट अंधारात डोक्याला रुमाल बांधून बसलेली ताई. मी कैरीचं पन्हं घेऊन गेलो की दुपारभर आमचं बोलणं चालायचं. बोलणं म्हणजे वाद. आयुष्यभर आम्ही दोघं वाद घालूनच एकमेकांजवळ बसलो.

"मन्या, मी मेली का तू त्या भजनवाल्याइले बोलावशीन का?"

"ताई, असं काहून बोलतं?"

"विचारून राहिली. ते म्हणतीन, थेंब समुद्रात गेला. मले थेंब नाई व्हाचं."

"मंग काय व्हाचं तुले?"

"काईच नाई व्हाचं. झाली तेवढी पुरे झाली." तिनं ग्लास बाजूला ठेवला. "पुढं नसन तं नसन. पण मी होती, हे तं कोणी खोटं नाई ना करू शकत? देव बी नाई."

"देव काहीही करू शकतो म्हणतात."

"हाव? मंग झालेलं न-झालेलं करून दाखवावं म्हणा त्यानं. तिथं त्याचं बी काई चालत नाई."

तेव्हा मला यात काही दिलासा वाटला नव्हता. होती म्हणजे आता नाही, हेच तर दुःख. पण ती गेल्यानंतर जसजशी मला सगळीकडून समजूत घातली जाऊ लागली, तसतसं ते वाक्य मला धरायला सापडलं. मृत्यू पुढचं सगळं नेऊ शकतो. मागच्या एका दुपारीलाही तो हात लावू शकत नाही. त्या खोलीत, त्या कूलरसमोर, एक बाई देवाला आव्हान देत बसली होती, ही गोष्ट कायमची खरी झाली आहे. ती आठवणारा मी गेलो तरी खरीच राहणार. आठवण हा तिचा आधार नाही. ती माझ्या आठवणीवर जगते असं कोणी म्हटलं की मला संताप येतो. ती स्वतःच्या बळावर होती.

ऑपरेशननंतर दवाखान्यात डॉक्टर रोज सकाळी तेच विचारायचे. नाव काय? हे कुठलं गाव? महिना कोणता? डोक्याच्या पेशंटला विचारतात तसं. ताई काही दिवस नीट उत्तरं देत राहिली. मग एकदा वैतागून म्हणाली, "डाक्टर साहब, मेरेको मालूम है मैं कौन हूं. आपको रोज भूल जाता है क्या?" वॉर्डातल्या सगळ्या खाटा हसल्या. डॉक्टरही.

पावसाळ्यानंतर तपासायला नेलं तेव्हा गाठ परतली होती. शब्द एकेक करून निघून जायला लागले होते. चमच्याला ती 'ते हलवाचं' म्हणायची. माझं नाव कधी यायचं, कधी नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "आपका नाम?" ती त्यांच्याकडे पाहत राहिली. नाव सापडेना. मला ते पाहवेना. मी दाराकडे वळलो. आणि मागून तिचा आवाज आला. "मी."

"मी, मतलब कौन?"

"मी म्हणजे मी," ताई रागानं म्हणाली. "दुसरं कोण?"

मी त्याच दिवसांत बरंच वाचत होतो. 'मी' नावाचं आत कोणी नसतं, सवयींची आणि आठवणींची एक मोळी असते, दोरी सुटली की संपलं, असं म्हणणारी पुस्तकं. हुशार पुस्तकं. त्यांना मी उत्तर देऊ शकत नाही. पण त्या खाटेवर मोळीतल्या बहुतेक काड्या गळून पडल्या होत्या. नाव गेलं होतं, गाव गेलं होतं, भाऊ अर्धा गेला होता, आणि तरी तिथून कोणीतरी रागावून बोलत होतं. कदाचित तो राग हीसुद्धा शेवटची काडीच असेल. असो. तशी असेल तर मला एवढंच म्हणायचंय की ती सगळ्यात शेवटी राहिली, आणि ती कोणाच्या बापाला घाबरली नाही.

मार्गशीर्षात, एका साध्या सकाळी, ती गेली.

लहानपणी आम्ही कॅम्प-१ या कामगारांच्या वस्तीत राहायचो. बाबा भंडाऱ्याकडची शेती भावकीला सोडून प्लांटात आले होते. गल्लीत छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, सगळी मुलं. आणि अक्तीला सगळ्यांच्या बाहुल्यांची लग्नं. आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, डब्यांचा बाजा, खरे लाडू. एका वर्षी ताईच्या पुतरीसाठी समोरच्या गल्लीतून वरात आली आणि ताई दारात आडवी उभी राहिली. "माही पुतरी लगीन नाई करत. ते नोकरीले जाते." वरातीतली मुलं बिचारी उन्हात उभी. आईनं रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. शेवटी वरात जेवून परत गेली, नवरीशिवाय. तिला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं की मोठेपणी तू काय करशील. विचारायची गरज राहिली नव्हती.

तर भांडण असं होतं.

आमच्या भंडाऱ्याकडच्या घराण्यात अक्तीला पितर बसवतात. पितर म्हणजे खरी, जिवंत माणसं. बाहेरच्या घरातला एक पुरुष आणि एक बाई बोलावून आणायची. त्यांचे पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, पळसाच्या पत्रावळीवर वाढायचं: पुरण, वडे, कुरड्या, आंब्याचा रस, चिंचवणी. बाजूला पाण्यानं भरलेला नवा माठ. जेवताना त्यांना त्यांच्या नावानं हाक मारायची नाही. तेवढा वेळ ते आमचे पूर्वज. जेवण झालं की घरातल्या वडीलधाऱ्यानं विचारायचं, "भरलं पोट?" आणि त्यांनी म्हणायचं, "भरलं. जातो आता." मग घरच्यांनी जेवायचं. त्याआधी नाही.

ज्या वर्षी घरात कोणी गेलं असेल त्या वर्षी त्या माणसाचा पाट वेगळा मांडतात. त्याच्या नावानं, त्याच्या आवडीचं वाढून. तो एकदा "जातो" म्हणाला की दुसऱ्या वर्षापासून त्याचा पाट नाही. तो सगळ्यांत मिसळला. मग तो आजोबा नाही, काका नाही. तो नुसता पितर.

आमच्याकडे वडीलधारे आता काका. बाबांचे धाकटे भाऊ, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, दुर्गला राहतात. माठ बाजारात आले तसा त्यांचा फोन आला. मी म्हणालो, यंदा ताईचा पाट वेगळा मांडायचा.

"कुवारीचा पाट नाई निघत गा," काका म्हणाले.

"काहून नाई?"

"नाई निघत. तिचं घर झालं नाई, वंश झाला नाई. ते कोणाइच्यात मिसळीन? बायकाइच्या पाटावर आजीसंग बसवाचं म्हणशीन तं ते बी जमत नाई. अन् वेगळी बसवली तं..."

"तं काय?"

"आस राहिली असन तिची काई, तं चिकटते मंग. घर सोडत नाई. मी आपला पाहिलेलं सांगून राहिलो."

काका वाईट माणूस नाहीत, हे इथं लिहायला हवं. ड्यूटीवर डोंगरगडला अडकले की घरी निरोप पोचवायला ते रेल्वेच्या फोनवरून प्लांटला लावून ताईलाच पकडायचे. ताईच्या शेवटच्या दिवसांत दर रविवारी लोकलनं यायचे, तिच्या पायांशी बसायचे. त्यांना तिची भीती वाटत नव्हती; तिच्यासाठी वाटत होती. तिला कुठं जागा नाही मिळाली तर ती दारोदार उभी राहील, असं त्यांना खरंच वाटत होतं.

पण मला ते ऐकवेना. तिला आमच्यात धरत नव्हते, कारण ती बायको नव्हती, आई नव्हती. जन्मभर तिला हेच ऐकावं लागलं. मेल्यावरही? ज्या 'मी'ला ब्लास्ट फर्नेसचे साहेब टरकायचे, ती तुमच्या पितरांच्या दारात रांगेत उभी राहणार?

"चिकटू द्या," मी म्हणालो. "तिनं चिकटावं म्हणूनच बोलावून राहिलो मी तिले."

"मन्या, डोकं फिरलं का तुहं? एवढं शिकून..."

"शिकलो म्हणूनच. घर अर्धं तिचं आहे काका. घरात पाट मांडाचा तं तिचा पहिला."

काका म्हणाले, "बसणारी बाई आणून दाखव. कुवारीच्या पाटावर कोणी बसत असन तं मी विचारतो पोट भरलं का. नसन बसत तं हे बोलणं बंद."

आणि खरंच कोणी बसेना. मंगलानं मराठी बायकांत विचारलं. एकीची कंबर धरली होती, एकीच्या सुनेला दिवस गेले होते, एक नेमकी नागपूरला जाणार होती. सगळ्या ताईच्या खाटेजवळ बसून गेलेल्या. कोणी नाही म्हणालं नाही, फक्त कोणाला येता येत नव्हतं. मंगला घरी येऊन पदरानं वारा घेत म्हणाली, "तुमच्या ताईले जिवंतपणी या साऱ्याइनं साड्या मागितल्या. आता पाटावर बसाले अंग दुखून राहिलं."

मग सरोजचा फोन आला. सरोज एक्स्चेंजमध्ये ताईच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. इथलीच, छत्तीसगढी. लग्न, मुलं, नातवंडं, सगळं झालेली. आता सुपेल्याजवळ धाकट्या मुलाकडे राहते. तिच्या कानावर कुठून तरी गेलं होतं.

"भैया, मैं बैठूंगी."

मी तिला सगळं सांगितलं. काका काय म्हणतात, बायका का घाबरतात.

"इसमें डरने का क्या है?" सरोज म्हणाली. "जिंदा थी तब ज्यादा डर लगता था."

मी त्याच संध्याकाळी जाऊन माठ आणला.

अक्तीच्या दिवशी ऊन इतकं होतं की अंगणातला सडा शिंपता शिंपता वाळत होता. काका डोक्याला, कानांना दुपट्टा गुंडाळून आले. आल्याआल्या त्यांनी पुढच्या खोलीत पाहिलं. पाट तिथंच मांडले होते. पूर्वजांच्या पाटांवर बसायला शेजारचं एक जोडपं आलं होतं, दरवर्षी येणारं. ताईचा पाट खिडकीजवळ. निखिल रायपूरहून सकाळीच आला होता. सगळ्यांचे पाय धुवायला पाणी तोच ओतत होता. सरोजच्या पायांवर पाणी ओतताना तो थोडा थबकला, आणि मग त्यानं नीट, हातानं चोळून ते धुतले. कॉन्शसनेसविषयी त्या दिवशी तो काही बोलला नाही.

पाटावरचे सगळे जेवले. सरोजनं हळूहळू, सगळं पुसून खाल्लं. मंगला वाढत राहिली. काका जोडप्यासमोर उभे राहिले, हात जोडले, विचारलं. दोघांनी सरावानं म्हटलं, "भरलं. जातो आता." आणि उठून हात धुवायला गेले.

काका सरोजसमोर आले. त्यांचे हात जोडलेलेच होते. "लीला," ते म्हणाले, पितर म्हणाले नाहीत, "भरलं पोट?"

सरोज पत्रावळीकडे पाहत होती.

"म्हणा बाई. भरलं, जातो."

सरोजनं मान वर केली. "नइ अघाय हंव," ती म्हणाली. पोट नाही भरलं.

मंगला वडे घेऊन पुढं झाली. सरोजनं हातानं नको म्हटलं.

"वाढून राहिली तं घ्या," काका गोंधळून म्हणाले. "मंग म्हणा, जातो."

"काबर जाहूं?" सरोज म्हणाली. तिचा आवाज चढला होता. कशाला जाऊ? "मोर घर आय." माझं घर आहे.

मी इथं स्पष्ट लिहून ठेवतो की ती ताई नव्हती. ताई हे छत्तीसगढीत म्हणाली नसती, आणि माझी त्या खोलीतल्या शांततेविषयी जी खात्री होती, ती आजही तशीच आहे. पाटावर सरोज होती. शेजारच्या खुर्चीवर वर्षानुवर्षं बसलेली बाई, जिला आपल्या मैत्रिणीच्या तोंडून "जातो" म्हणवेना. तिनं उठता उठता हात जोडले. "मेरे से नहीं होगा भैया. माफ करना. वो किसी के कहने से उठी है क्या कभी?"

काका तसेच उभे. रीत अर्धी अडकली होती. "जातो" म्हटल्याशिवाय घरचे जेवत नाहीत, आणि मेलेलं माणूस मिसळत नाही. ते माझ्याकडे वळले. मला वाटलं आता रागावतील. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता, आणि त्याच्या मागं आणखी काहीतरी होतं, जे पाहून मला ते ताईच्या पायांशी बसलेले रविवार आठवले.

"आता काय गा?" ते म्हणाले. "नाई म्हणते ना ते."

"मंग नाई तं नाई," मी म्हणालो. "नाई जात तं नको जाऊ. आपण जेवू."

"असं कसं जेवू? तिचं पोट नाई भरलं अन् आपण..."

"काका, भरणारच नाई तिचं. आपण तिच्यासंगच जेवू."

मंगलानं कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. तिनं आमच्या पत्रावळी ताईच्या पाटासमोरच मांडल्या. सरोज पुन्हा खाली बसली, या वेळी सरोज म्हणून. निखिल काकांच्या बाजूला बसला. काका बराच वेळ पत्रावळीवर हात ठेवून होते. मग त्यांनी रसात पुरण कालवलं, पहिला घास घेतला, आणि डोळे पुसून म्हणाले, "म्हणजे पुढच्या साली पुन्हा तिचा पाट मांडावा लागन. वेगळा."

"मांडू," मी म्हणालो.

"अन् तेव्हा बी नाई म्हणाली तं?"

"तेव्हा बी मांडू."

काकांनी मान हलवली, ती होकाराची की हार मानल्याची हे मला कळलं नाही, आणि मंगलाला म्हणाले, "लीलाच्या पानावर वडे संपले पाहा. वाढ."